खाणे बेताचे, चालणे रोजचे. तरी वजन का उतरत नाही?

(हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी बंधू-भगिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजवर मी आपल्यासमोर सोयाबीनचे पदार्थ, भाज्यांची वाळवण, लहान मुलांचा आहार अशा विषयांवर बोलत आले. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा विषय घेऊन मी गावात आले असते, तर आपण मला हसला असता. त्या वेळी प्रश्न असे तो वजन वाढविण्याचा. तो प्रश्न आजही संपलेला नाही. पण आता त्याच गावात, कधी कधी त्याच घरात, दुसरा प्रश्न येऊन बसला आहे. कार्यक्रम संपला की दोन-चार जण तरी बाजूला येतात आणि हळूच विचारतात, "ताई, भाकरी कमी केली, तळलेले सोडले, पहाटे उठून चालतो, तरी वजन काही उतरत नाही. आमचे काय चुकते?"

या प्रश्नाला मी एकदा फार वाईट उत्तर दिले होते. ते उत्तर कोणाला दिले आणि त्याचे काय झाले, हे आधी सांगते. मग शास्त्र काय म्हणते ते पाहू.

दादांची गोष्ट

माझे थोरले बंधू कळमनुरी तालुक्यात शेती करतात. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे वजन ७८ किलो होते, उंची १६५ सें.मी. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितले. दादा शब्दाला पक्के. तीन भाकरींच्या दोन केल्या. बाजारच्या दिवशीची भजी सोडली. रोज पहाटे डांबरी रस्त्याने चार किलोमीटर चालू लागले. तीन महिन्यांनी वजन केले तर ७७ किलो! त्यांनी मला विचारले, "बाई, असे कसे?" मी आहारशास्त्र शिकलेली. फटकन बोलून गेले, "दादा, शरीर खोटे बोलत नाही. तुम्ही कुठेतरी चोरून खात असाल."

दादा काही बोलले नाहीत. पुन्हा त्यांनी तो विषय माझ्याजवळ काढला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी चालणे सोडले, हे मला वहिनींकडून फार उशिरा कळले. दोन वर्षांनी पायाला फास लागला, जखम चिघळली, भरेना. तपासले तर रक्तातील साखर तीनशेच्या वर. पायाचे एक बोट काढावे लागले.

चालणे सोडले म्हणूनच हे झाले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मधुमेहाची कारणे अनेक असतात. पण चालणे त्यांनी माझ्या एका वाक्यामुळे सोडले, हे मात्र मला पक्के माहीत आहे.

जखम भरून आल्यावर दादा पुन्हा चालू लागले. आणि पुन्हा वजन जागचे हलेना. या वेळी मी शहाणी झाले होते. सुट्टी काढून आठ दिवस त्यांच्या घरी राहिले. सोबत एक वही आणि स्वयंपाकघरातला छोटा तराजू. जे पोटात जाईल ते मोजायचे, जेवढे चालणे होईल ते लिहायचे. उलटतपासणी करायची नाही, एवढे मी मनाशी ठरविले होते.

आठ दिवसांच्या वहीने काय सांगितले?

अन्नातून मिळणारी शक्ती आपण उष्मांकात मोजतो. दादांनी एक भाकरी कमी केली होती. आमच्या घरच्या एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ लागते. म्हणजे सुमारे २८० उष्मांक वाचले. हिशेब इथवर बरोबर होता.

पण भाकरी कमी केल्याने दुपारी चारच्या सुमारास भूक लागे. मग चार वेळच्या चहाचा सहा वेळ चहा झाला. मधुमेह निघाल्यापासून साखर बंद, म्हणून चहा गुळाचा! म्हशीचे दूध घातलेल्या अशा एका कपात सुमारे ८५ उष्मांक निघाले. दोन जादा कप म्हणजे १७०. संध्याकाळी शेतातून आल्यावर मूठभर शेंगदाणे, २५ ग्रॅम, म्हणजे आणखी १४०. झाले ३१०. भाकरीने वाचविलेले २८० दुसऱ्या दाराने व्याजासह परत आले. यात चोरून खाल्लेला एकही घास नव्हता. सगळे वहिनींच्या समोर, उजेडात खाल्लेले होते. फक्त ते "खाणे" म्हणून कोणी मोजत नव्हते.

आता चालण्याचे पाहू. पाऊणशे किलो वजनाचा माणूस चार किलोमीटर चालला तर साधारणतः २०० उष्मांक खर्च होतात. पण दादांचे शेत घरापासून दीड किलोमीटरवर. पूर्वी ते पायी जात-येत. आता "सकाळी चालणे झालेच आहे" म्हणून मोटारसायकलने जाऊ लागले. चार किलोमीटर कमावले आणि तीन किलोमीटर घालविले. नफा उरला एक किलोमीटरचा!

बंधूंनो, हा दोष एकट्या दादांचा नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्क येथील शास्त्रज्ञांनी असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी थोडे खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणारी माणसे त्यांनी निवडली आणि त्यांचा आहार व शक्तीचा खर्च शास्त्रीय पद्धतीने मोजला. ही माणसे आपण खाल्लेले सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि केलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांच्या शरीरातील शक्तीचा खर्च मात्र इतरांसारखाच निघाला. ती शिकली-सवरलेली शहरी माणसे होती आणि लबाडही नव्हती. न मोजता अंदाज केला की तो चुकतो. वावरात उभे राहून केलेला उताऱ्याचा अंदाज आणि काट्यावर आलेली पोती यांत किती फरक पडतो, हे आपणास मी सांगायला नको.

बैल गेले, ताट तेच राहिले

थोडा मागे विचार करा. बैलाच्या नांगराने एक एकर रान नांगरायचे, तर माणूस किती चालत असेल? नांगराच्या तासाची रुंदी २० सें.मी. धरली तर एका एकराला सुमारे २० किलोमीटर चालणे होते. तेही ढेकळांतून, नांगराची मूठ दाबून धरत! आज तेच एकर आपण ट्रॅक्टरच्या बैठकीवर बसून करतो. मळणी यंत्राने होते, फवारणीला पंप आहे, दळणाला गिरणी आहे, पाणी नळाला येते. हे कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या माता-भगिनींनी जात्यावर आणि हंड्याखाली आयुष्य झिजविले, ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण काम उतरले त्या मानाने ताट उतरले नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेले आकडे पाहा. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला भारी कष्टाचे काम असेल तर दिवसाला ३,४७० उष्मांक लागतात. बैठे काम असेल तर २,११० पुरतात. ५५ किलोच्या स्त्रीला भारी कामात २,७२० आणि बैठ्या कामात १,६६०. पुरुषांमधील हा फरक १,३६० उष्मांकांचा आहे, म्हणजे जवळजवळ पाच भाकरींचा. तास-दीड तास चालून तो भरून निघत नाही. शिवाय ज्या घरांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्या घरांत ताटात अन्न टाकणे पाप मानले जाते. हा संस्कार थोर आहे. त्याला एकच जोड द्यावी: टाकू नये, पण वाढतानाच बेताने वाढावे.

"चांगले" अन्न आणि त्याचे माप

आता एक अवघड गोष्ट सांगते. अन्न पौष्टिक असणे वेगळे आणि ते कमी उष्मांकाचे असणे वेगळे.

ज्वारीची भाकरी उत्तम. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, २०१८ मध्ये लोह आणि जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा वाण दिला. ज्वारीतील तंतुमय पदार्थांमुळे पोट भरल्यासारखे वाटते. पण १०० ग्रॅम ज्वारीत आणि १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात उष्मांक जवळजवळ सारखेच, म्हणजे ३४० ते ३५० आहेत. भाकरी खाल्ली म्हणून वजन उतरत नाही. किती खाल्ली यावर ते ठरते.

गूळ साखरेपेक्षा बरा असे आपण मानतो. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० आणि गुळात सुमारे ३८० उष्मांक असतात. वजनाच्या आणि मधुमेहाच्या दृष्टीने दोघे सख्खे भाऊच समजावेत.

शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिने आहेत, तसेच ५६० ते ५७० उष्मांकही आहेत. मूठभर ठीक, ओंजळभर नव्हे. तेल कोणतेही असो, करडईचे, शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे, १०० ग्रॅमला ९०० उष्मांक. "आमचे घाण्याचे शुद्ध तेल आहे" याने आकडा बदलत नाही.

उपवासाचेही तसेच. नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ यांच्या या भूमीत एकादशी-सोमवार पाळणारी घरे पुष्कळ आहेत. श्रद्धेविषयी मी बोलत नाही, ताटाविषयी बोलते. ८० ग्रॅम साबुदाणा, ४० ग्रॅम दाण्याचे कूट, तीन चमचे तूप आणि एक बटाटा यांची खिचडी साडेसहाशे उष्मांकांच्या पुढे जाते आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. "एकादशी अन् दुप्पट खाशी" असे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही.

हळदीबद्दलही मला विचारतात. आपल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मलाही आपल्याइतकाच अभिमान आहे. पण हळदीचे दूध पिऊन चरबी वितळते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दुधाचे आणि त्यातील साखरेचे उष्मांक मात्र नक्की मिळतात.

काटा काय मोजतो?

वसमतच्या हळद उत्पादकांना हे पटकन समजेल. ओली हळद शिजवून वाळविली की पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरते. ओल्या कंदाच्या वजनावर कोणी सुक्या हळदीचा भाव करीत नाही. वजनकाटाही आपली "ओली हळद" मोजतो. त्यात हाडे, स्नायू, चरबी आणि पाणी सारे आले. आदल्या दिवशी खारट खाल्ले, पोट साफ झाले नाही, पाळीचे दिवस जवळ आले, तर एक-दोन किलो इकडचे तिकडे होते. ते चरबीचे नव्हे.

म्हणून वजन रोज करू नये. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचानंतर आणि चहाच्या आधी, त्याच काट्यावर करावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून टेप लावावा. पुरुषांत ९० सें.मी. आणि स्त्रियांत ८० सें.मी. ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा आहे. स्नायू थोडे वाढले आणि चरबी थोडी घटली तर काटा हलत नाही, पण धोतराची गाठ आणि पोलक्याचे हूक सांगतात.

आपली शरीरे थोडी वेगळी आहेत

येथे पुण्यात झालेल्या कामाचा उल्लेख केला पाहिजे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत शेतात राबणाऱ्या गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पण आपल्या बाळांचे स्नायू जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. हाता-पायांनी किडकिडीत, पण चरबीने भरलेली अशी ही घडण जन्मापासूनच दिसली. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि डॉ. युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचे उदाहरण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. वजन आणि उंचीचे गुणोत्तर दोघांचेही २२.३. पण शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के!

म्हणूनच आपल्याकडे हे गुणोत्तर २३ च्या वर गेले की अतिवजन आणि २५ च्या वर गेले की स्थूलता मानतात. १६५ सें.मी. उंचीच्या पुरुषाला ६८ किलोला आणि १५० सें.मी. उंचीच्या स्त्रीला ५६ किलोच्या पुढे सावध व्हावे लागते. देशभरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि शंभर प्रौढांमागे सुमारे चाळीस जणांच्या पोटावर जादा चरबी आहे. हा आता फक्त शहरातील शेठजींचा आजार राहिलेला नाही.

उपाशी राहू नका

वजन हलत नाही म्हटल्यावर काही जण एकदम जेवण तोडतात. शरीर हे दुष्काळातून टिकून आलेले यंत्र आहे. आवक घटली की ते खर्चही घटविते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. त्यांचे वजन उतरले, पण सोबत ताकद गेली, थंडी वाजू लागली, हालचाल मंदावली आणि डोक्यात रात्रंदिवस अन्नाचेच विचार. पुढे पोटभर मिळू लागल्यावर चरबी झपाट्याने परत आली. शिवाय वजन जसे कमी होते तशी शरीराची गरजही कमी होते. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर काटा थबकणे हे अपयश नव्हे, ते अपेक्षितच आहे.

झोपेकडेही पाहा. ज्यांच्याकडे अजून कृषिपंपाची वीज रात्रपाळीला येते, ते बंधू मध्यरात्री दारे धरतात आणि सकाळी पुन्हा कामाला लागतात. २०१० मध्ये शिकागो येथे झालेल्या एका छोट्या प्रयोगात तीच माणसे, तेवढाच आहार. दोन आठवडे साडेआठ तास झोपेची संधी दिली आणि दोन आठवडे साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सारखेच, सुमारे तीन किलो उतरले. पण भरपूर झोपेत त्यातील १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीची घट बहुतांशी स्नायूंची. रात्रीचे पाणी टळत नसेल तर दुपारची झोप ही चैन नसून गरज आहे असे घरच्यांनी समजावे.

दवाखान्यात केव्हा जावे?

मोजमाप नीट ठेवूनही तीन महिन्यांत काहीच फरक नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले असेल तर वजन वाढते, थकवा येतो, थंडी सोसत नाही, केस गळतात. साध्या रक्ततपासणीत ते कळते आणि गोळ्यांनी बरे राहते. तरुण मुलींत पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि वाढते वजन असेल तर बीजकोशाचा विकार असू शकतो. त्या मुलीला टोमणे न मारता तपासणीस न्यावे. काही औषधांनीही वजन वाढते, उदा. स्टिरॉईड, इन्सुलिन, मधुमेहाच्या व फिटच्या काही गोळ्या. ही औषधे स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. आणखी एक. गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत दुखणे थांबते, पण चेहरा सुजतो, पोट सुटते, साखर वाढते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगावे. ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते.

वजन उतरविणारी आठवड्याची इंजेक्शने २०२५ मध्ये आपल्या देशात आली आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काहींना उपयोगी पडतात. जत्रेतील चूर्ण आणि ही औषधे यांची गल्लत करू नये.

घरी काय करावे?

१) आठ दिवस वही ठेवावी. चहा, शेंगदाणे, लेकराच्या ताटातले उरलेले दोन घास, स्वयंपाक करताना घेतलेली चव, सारे लिहावे. वही दुसऱ्या कोणी तपासण्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे.

२) तेलाच्या डब्यावर तो उघडल्याची तारीख लिहावी. फार कष्टाचे काम नसणाऱ्याला दिवसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे तेल पुरते. या हिशेबाने पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा चार महिने पुरला पाहिजे. आपल्या घरी किती दिवसांत संपतो ते पाहावे.

३) चहा दोन-तीनवर आणावा. साखर-गूळ दोन्ही हळूहळू कमी करावे.

४) प्रत्येक जेवणात प्रथिने असावीत. घट्ट वरण, उसळ, ताक, अंडे, फुटाणे यांपैकी जे जमेल ते. भूक लवकर लागत नाही. सोयाबीन आपल्या घरचे पीक आहे; त्यात १०० ग्रॅमला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने असतात. ते कच्चे दळू नये. उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटे उकळून, वाळवून, नऊ भाग गव्हात एक भाग मिसळून दळावे.

५) ताटातील अर्धी जागा भाजी आणि कोशिंबिरीला द्यावी. भाकरी पोट भरल्यावर "अजून अर्धी" म्हणून आग्रहाने वाढू नये.

६) आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. शेताकडचे पायी जाणे सोडू नये. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचे काम करावे: खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला जोर काढणे. जेवणानंतर दहा मिनिटे अंगणात फेऱ्या माराव्यात.

७) उद्दिष्ट लहान ठेवावे. सहा महिन्यांत वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ८० किलोच्या माणसाने चार किलो.

८) तिशीनंतर वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासावा. आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारावे. ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत त्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावे, नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येते.

वजन उतरले नाही तरी…

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीय स्त्री-पुरुषांवर अडीच वर्षे लक्ष ठेवले. ज्यांनी आहार सुधारला आणि नियमित चालणे ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. आणि त्यांचे वजन? त्यात म्हणण्यासारखा फरक पडलाच नव्हता!

याचा अर्थ काय? काटा जागचा हलत नव्हता तेव्हाही त्यांचे चालणे आतून काम करीत होते. पेरल्यावर चार दिवस वरून काही दिसत नाही, म्हणून कोणी बी उकरून पाहत नाही. त्या तीन महिन्यांत दादांचेही चालणे वाया जात नव्हते. ते मी त्यांना सांगायला हवे होते. मी नेमके उलटे सांगितले.

आता दादांचे वजन ७४ किलो आहे. वर्षभरात तीन-चार किलोच उतरले. पण कमरेचा घेर सहा सें.मी. कमी झाला, साखर आटोक्यात आहे आणि शेताकडे ते पुन्हा पायी जातात. एक बोट नसलेल्या पायाने, थोडे हळू. चहा दोनदा, बिनगुळाचा. वही वहिनी ठेवतात. त्यांचेही दोन किलो उतरले, कोणी न सांगता.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या घरात कोणी पहाटे उठून चालायला जात असेल आणि त्याचे वजन उतरत नसेल, तर मी जे वाक्य बोलले ते आपण बोलू नका. वही आणि वाटी घेऊन त्याच्या शेजारी बसा. जमले तर उद्या पहाटे त्याच्यासोबत चार पावले चाला.